दिनविशेष : १४ नोव्हेंबर
बालदिन तर आहेच. शिवाय आज जागतिक मधुमेह दिनही आहे. फ्रेडरिक बँटिंग १८९१ मध्ये याच दिवशी कॅनडात जन्मले. त्यांनी सहकाऱ्यांसह शोधलेले स्वादुपिंडातले इन्सुलिन हे संप्रेरक जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोतल्या १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला टोचले गेले. पहिली मात्रा फसली, बाराव्या दिवशी शुद्ध केलेली लागू पडली. पुढच्याच वर्षी बँटिंग यांना नोबेल.

आपल्याकडची गोष्ट मात्र पुण्याची. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास करू लागले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. तरी आपल्या हडकुळ्या बाळांत चरबीचा वाटा टिकून! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या रावेतच्या सोसायट्यांत ‘मी तर बारीकच आहे’ म्हणत मधुमेहाची तपासणी टाळणाऱ्यांनी ते छायाचित्र फ्रिजवर लावायला हरकत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली, की तो मधुमेहच; मग कमरेचा पट्टा कितीही आत जावो.