गाडीचा जोर कुठे असतो?

मंडळी, दौंड आणि शिरूर ही आपल्या पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाची दोन गावे. एक भीमेच्या काठचे, दुसरे घोडनदीच्या काठचे. दौंडला मोठे केले आगगाडीने. १८७८ साली दौंडहून मनमाडकडे लोहमार्ग गेला आणि दौंडचे जंक्शन झाले. शिरूरच्या वाट्याला रेल्वे आली नाही. पुणे-नगर सडक हाच त्या गावाचा प्राण. म्हणून दौंडकराने वाफेचे इंजिन पाहिले, तर शिरूरकराने मोटार पाहिली. या दोन यंत्रांत एक मोठा फरक आहे, आणि आजची आपली गोष्ट त्या फरकापासूनच सुरू होते.

वाफेच्या इंजिनाला गिअर नव्हता. वाफ कोंडून धरता येते. म्हणून ते इंजिन उभ्या जागेवरून अख्खी मालगाडी हळूहळू ओढू लागे. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते मिनिटाला काहीशे फेरे घेईल तेव्हाच जिवंत राहते. फार हळू चालवू पाहाल तर आचका देऊन बंद पडते. मग भरलेली गाडी जागची हलवायची कशी?

आपण शेतकरी माणसे काय करतो? चढावर गाडी अडली तर दुसऱ्याची बैलजोडी मागून आणतो. मोटारीला जादा जोडी जुंपता येत नाही. ती पहारीचा हिशोब करते. धोंड्याखाली पहार घालून आपण आपले टोक हातभर दाबतो, तेव्हा धोंडा चार बोटे उचलतो. चाल गमावली, जोर मिळाला. गिअर म्हणजे गोल फिरणारी पहारच, बरं का!

हा हिशोब गाडीत दोन ठिकाणी होतो. एक गिअरबॉक्समध्ये. दुसरा मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात. तिथे एक लहान दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, फिरवते. अमेरिकेत १९२७ च्या अखेरीस फोर्डची मॉडेल ए गाडी निघाली. तिच्या पिनियनला ९ दात होते आणि क्राऊनला ३४. चौतीसला नवाने भागा, सुमारे पावणेचार येतात. म्हणजे दांडा पावणेचार फेरे घेई तेव्हा चाकाचा एक फेरा होई. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे ३.१ फेरे झाले की दांड्याचा एक फेरा होई. दोन्ही आकडे गुणले की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे जवळजवळ १२ फेरे होतात. घर्षणात थोडे वाया जाते ते सोडले, तर चाकावरचा जोरही तितक्या पटीने वाढतो.

त्याआधीची मॉडेल टी तर मोठी गमतीची. तिला पुढे जाण्याचे दोनच गिअर, पण मागे जाण्याचा गिअर त्या दोन्हींपेक्षा जोरकस. शिवाय पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने उतरत येई. खडा चढ आला की नाक वर होई आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोचेना. म्हणून लोक गाडी वळवून उलटी चढवीत! हा विनोद नव्हे. तो दातांचा आणि टाकीच्या उंचीचा हिशोब होता.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या मुंबईमार्गे. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, फार्गो या गाड्या जुळू लागल्या. आणि १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला निघाली. ती शिरूरवरूनच गेली. ती होती बेडफर्ड. गाडी विलायतेत बनलेली, पण कारखान्याची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर अशा अमेरिकन गाड्याही होत्या.

त्या काळच्या ड्रायव्हरचे काम आजच्याइतके सोपे नव्हते. गिअर सहज पडावा अशी सोय, म्हणजे सिंक्रोमेश, १९२८ साली कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. पण जुन्या मोटारींत आणि मालगाड्यांत ती सर्वत्र नव्हती. जिथे होती तिथेही पहिला गिअर बहुधा तिच्याविनाच असे. म्हणून खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलला आणून थोडा वेग द्यायचा, आणि आवाज ऐकून गिअर सरकवायचा. चुकले की दातावर दात घासून करकर आवाज होई आणि सारी गाडी ड्रायव्हरकडे बघे!

आता खरा प्रश्न. अमेरिकेत इंजिने मोठी होत गेली, रस्ते पक्के झाले, म्हणून तिथल्या मोटारींना तीन गिअर पुरले. पुढे १९३४ पासून लांबच्या सडकेवर इंजिनाचे फेरे कमी करणारी ओव्हरड्राइव्हची सोय आली. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाडीत आपोआप बदलणारे गिअरही आले. आपल्याकडे काय? भीमाकाठची काळी माती, पावसाळ्यातला चिखल, नदीतली वाळू. इथे सुसाट धावणारी गाडी काय कामाची? इथे टिकली ती जीप. महिंद्रांनी बांधलेल्या त्या जुन्या विलीस जीपलाही गिअर तीनच. पण तिला आणखी एक खालचा दांडा होता, आणि पिनियनला ८ तर क्राऊनला ४३ दात. सगळे गुणले तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३६-३७ फेरे! त्यात चारही चाके ओढणारी. इंजिन काही राक्षसाचे नव्हते. जोर दातांच्या हिशोबात होता.

हा हिशोब मिस्त्री लोकांना नीट ठाऊक होता. १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपल्याकडची जुळणी आवरती घेतली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे अवघड झाले. क्राऊन-पिनियन ही लग्नाची जोडी असते. एकावर एक घासून जुळवलेली. त्यातले एकच बदलले तर ती ओरडते आणि लवकर झिजते. जोडी बदलली, पण दात वेगळे निघाले, तर गाडीचा जोर बदलतो आणि वेगाचा काटाही खोटे सांगू लागतो. म्हणून शहाणा मिस्त्री आधी दात मोजी, मग पाना हातात घेई.

गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. सायकल उलटी ठेवा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मुलांकडून मोजून घ्या आणि भागाकार करू द्या. मग पायडल एकदा फिरवून मागच्या चाकाचे फेरे मोजा. उत्तर जुळले की त्रैराशिक मुलांच्या हातात आलेच.

आणि गाडी हाकणाऱ्या बंधूंना एक कळकळीचे सांगणे. तेल वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. गिअर जसा चढावर जोर देतो, तसाच उतारावर गाडीला धरून ठेवतो. गिअर काढला की सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापला की पकड जाते. दिवे घाटात उसाची गाडी सुटली तर वाचलेले चार आण्यांचे तेल कुणाच्या कामाचे? ज्या गिअरने चढ चढला असता, त्याच गिअरने उतार उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

काळाचा फेरा पाहा. २०१७ साली शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या कारखान्यात, जीप नावाची गाडी तयार होऊ लागली. तिच्यात सहा गिअरचा गिअरबॉक्सही मिळू लागला. एकेकाळी जी गाडी समुद्रापलीकडून सुट्या भागांत येई, तिचे नाव आता आपल्या तालुक्यातून बाहेर जाते. त्या कारखान्यात आपली मुले कामाला जातील तेव्हा त्यांनी नुसते बोल्ट आवळू नयेत. दात का इतकेच, हेही विचारावे. गाडीचा जोर तिथे असतो, आणि माणसाचाही.