'प्रभात'चा कान

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे गावातले सराफ. आरंभीची निर्मिती मूकपटांची होती. तरीही 'प्रभात'च्या ध्वनिमुद्रणाची वाटचाल सांगायची तर सुरुवात थोडी आधीपासून करावी लागते.

ध्वनीची जबाबदारी पुढे ज्यांनी उचलली ते दामले मूळचे पेणचे, जन्म १८९२ चा. कोल्हापुरात आनंदराव पेंटरांच्या हाताखाली ते पडदे रंगवायला शिकले, आणि त्या काळी पडदे रंगवायचे म्हणजे संगीत नाटक मंडळ्यांशी रोजचा संबंध. गावही तसेच होते. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून चाललेली. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब. केशवराव भोसल्यांची तडफदार गायकी तर घरोघरी ठाऊक. अशा गावात राहणाऱ्याचा कान यंत्र येण्याआधीच तयार होत असे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा बोलपट झळकला. बोलपटाचे हे वेड टिकणार नाही, असा शांतारामबापूंचा सुरुवातीचा अंदाज होता. तो लवकरच बदलावा लागला. नवे यंत्र आणायचे, ते समजून घ्यायचे, आणि हे सारे मुंबईपासून दूर. यंत्रज्ञानाची कोणतीही पदवी नसलेल्या दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचे काम अंगावर घेतले.

'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. मराठीतला हा पहिला बोलपट. हिंदी आवृत्तीही सोबतच केली गेली. संगीत गोविंदराव टेंब्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, देवल क्लबात संगीताची गोडी लागलेले, हार्मोनियमवादनात नावाजलेले. पार्श्वगायनाची सोय नव्हती. टेंबे असोत की तारामतीच्या भूमिकेतल्या दुर्गा खोटे, नटांना अभिनय करता करताच गावे लागे. साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. शब्द, सूर आणि साथ एकाच वेळी मायक्रोफोनमध्ये जात. नंतर वेगळे करून तोल साधण्याची मुभा नव्हती. एकजण चुकला की सगळ्यांनी पुन्हा. अशा कामात यंत्रावरचा काटा कितपत मदत करणार? गायक कुठे आवाज चढवणार, तान कुठे संपणार, हे ध्वनिमुद्रकाला आधी उमगावे लागे.

त्यानंतर 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड' असे बोलपट कोल्हापुरातच झाले. १९३३ मध्ये कंपनीने पुण्याला स्थलांतर केले. कोल्हापूरला ते लागले, हे मान्य करायला हवे. मात्र गावाचे संगीत सोबत गेले. 'अमृतमंथन' (१९३४) पासून केशवराव भोळे, 'धर्मात्मा' (१९३५) पासून मास्टर कृष्णराव 'प्रभात'च्या संगीताशी जोडले गेले. कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शिष्य आणि भास्करबुवांना तालीम अल्लादियाखाँसाहेबांचीही. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ मध्ये आला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच वर्षीच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वगळून केवळ घरातले-रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज वापरले. वाद्यांचा आधार न घेता चित्रपट उभा करायचा, तर ध्वनिविभाग किती भरवशाचा असावा लागेल! 'प्रभात'च्या ध्वनीची ही सर्वांत अवघड परीक्षा म्हणता येईल.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, जुलै १९४५ मध्ये दामल्यांचे निधन झाले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. मात्र जागा ओस राहिली नाही. १९६० मध्ये केंद्र सरकारने तिथेच चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. दिग्दर्शन आणि छायाचित्रणाच्या बरोबरीने ध्वनिमुद्रण हाही तिथला स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि देशातले अनेक नामवंत ध्वनिमुद्रक तिथूनच शिकून बाहेर पडले आहेत.