झेब्रा शिंपला

ड्रायसेनिडी कुलातील गोड्या पाण्याचा उपद्रवी शिंपला. शास्त्रीय नाव ड्रायसेना पॉलिमॉर्फा. काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातील हा मूळ रहिवासी कालव्यांच्या मार्गे एकोणिसाव्या शतकात पश्चिम यूरोपात पसरला आणि जहाजांचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेत पोहोचून १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात आढळला.

त्रिकोणाकृती शिंपल्यावर गडद-फिकट पट्टे असतात. मादी वर्षाकाठी लाखो अंडी घालते. त्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पुढे पायाजवळून स्रवणाऱ्या चिवट सूत्रांनी दगड, नौका, नळ, इतकेच नव्हे तर स्थानिक शिंपल्यांच्या पाठीसही घट्ट चिकटून बसतात. नळांत त्यांचे असे थरावर थर चढून १९८९ मध्ये मिशिगनमधील मन्रो शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. हे प्राणी पाणी गाळून त्यातील प्लवक फस्त करीत असल्यामुळे पाणी निर्मळ दिसते; परंतु माशांच्या पिलांचे अन्न हिरावले जाते व स्थानिक शिंपले उपासमारीने नामशेष होऊ लागतात.

नळांतील बंदोबस्तासाठी क्लोरीन, उष्ण पाणी व खरवडणे हे उपाय योजतात. व्हर्जिनियातील मिलब्रुक खाणीच्या बंदिस्त तलावातून पोटॅशियम क्लोराइड वापरून २००६ मध्ये या शिंपल्याचे समूळ उच्चाटन करण्यात आले. विस्तीर्ण सरोवरांत मात्र असा उपाय शक्य नाही. म्हणून नौका धुणे, त्यांतील पाणी काढून टाकणे व त्या पूर्ण वाळविणे, तसेच जहाजांतील तोलाचे पाणी खोल समुद्रात बदलणे, हीच खरी खबरदारी होय.