पांच टनांची आगगाडी

मेजावर मांडावयाची लहान आगगाडी मुलांचें खेळणें म्हणून घरांत येते. पण ती मांडणाऱ्या प्रौढ माणसास थोड्याच दिवसांत कळून चुकतें कीं, हा खेळ वाटतो तितका सोपा नाहीं. जागा किती आहे हें आधीं पाहावें लागतें. जागेवरून वळण ठरतें, वळणावरून डब्याची लांबी ठरते, डब्यांवरून एंजिनाचा जोर ठरतो. एक माप बदललें कीं बाकीचीं सारीं बदलावीं लागतात. पुण्यास कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं उघडलें, तेव्हां सिग्नल, पूल व रस्ते यांसह रेल्वेचें एक अख्खें गांव एकाच दालनांत चालतांना लोकांनीं पाहिलें. परंतु याच रीतीनें, म्हणजे आधीं लहान माप ठरवून, मग सर्व कांहीं त्या मापास जुळवून, आणि प्रत्यक्ष जागीं नेण्यापूर्वीं दुसरीकडे चालवून पाहून, एक खरीखुरी रेल्वेहि महाराष्ट्रांत झाली; आणि आजच्या धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांतून तिनें जवळजवळ शंभर वर्षें माणसें व माल यांची ने-आण केली. ती बार्शी लाईट रेल्वे होय.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून सोलापुराकडे जाणारा मार्ग १८५९ सालीं आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला. त्या स्टेशनास तेव्हां 'बार्शी रोड' असें नांव होतें, आणि त्या नांवांतच अडचण सांगितलेली होती. स्टेशन बार्शीचें नव्हतें; बार्शीच्या वाटेवरचें होतें. खुद्द बार्शी तेथून सुमारें २१ मैलांवर. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची मोठी पेठ. घाटावरच्या निजामी मुलखांतील कापूस व धान्य तिच्या बाजारांत उतरे आणि तेथून बैलगाड्यांनीं बार्शी रोडला जाई. उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत काळ्या रानाचा चिखल. तेथून मुंबईपर्यंतची दोनशें मैलांहून अधिक मजल आगगाडी सहज मारी. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या २१ मैलांतच बैलांचा व व्यापाऱ्याचा दम निघे.

१८८२ सालीं एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप नांवाचा तरुण इंग्रज इंजिनीअर याच रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. त्याचा जन्म १८५७ चा. एंजिनांच्या कामाचें शिक्षण त्यानें इंग्लंडांत क्रू येथील प्रसिद्ध कारखान्यांत घेतलेलें. आडबाजूच्या पेठा मुख्य मार्गाशीं स्वस्तांत कशा जोडाव्या, हा विचार त्याच्या मनांत येथेंच रुजला, आणि बार्शीची वाट त्याच्या नजरेंत भरली. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर साडेपांच फूट. तसा मार्ग बांधावयाचा तर रूळ जड, पूल भक्कम, भराव रुंद व वळणें मोठीं हवींत. आणि एका पेठेच्या मालावर एवढा खर्च भरून निघणें कठीण. तेंच अंतर अडीच फुटांवर आणलें तर मार्ग टेकडीच्या कडेकडेनें वळत जाऊं शकतो. खोदाई व भराव कमी लागतात. परंतु अरुंद मार्ग म्हणजे किरकोळ माल, अशी त्या काळची समजूत होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. रूळ हलके असले कीं जड एंजिन त्यांना पेलत नाहीं. एंजिन हलकें केलें कीं तें पुरेसे डबे ओढीत नाहीं.

कॅलथ्रॉपनें हें कोडें एका आंकड्यानें सोडविलें. तो आंकडा पांच टन. कोणत्याहि आसावर, मग तो एंजिनाचा असो, उतारूंच्या डब्याचा असो कीं मालाच्या वाघिणीचा असो, पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. आणि भार सर्व आसांवर सारखा वांटावयाचा. असें केल्यानें दर यार्डास अवघ्या ३० पौंड वजनाचा रूळ पुरेसा होतो. कारण रुळाच्या दृष्टीनें सबंध गाडीच्या वजनापेक्षां एकेका चाकाखालच्या भाराला अधिक महत्त्व असतें. एंजिनास त्यानें सहा आस दिले. पुढच्या चार आसांचीं आठ चाकें दांड्यांनीं एकमेकांस जोडलेलीं, आणि मागें दोन आसांचीं चार चाकें. सहा पंचे तीस. म्हणजे सुमारें तीस टनांचें एंजिन हलक्या रुळावर निर्धास्त चालावें. वाघिणीला चार आस, म्हणून तिची मर्यादा वीस टन. त्या वीस टनांत वाघिणीचें स्वतःचें वजन जितकें कमी, तितका माल अधिक. येथें सॅम्सन फॉक्स यानें स्थापिलेल्या लीड्स फोर्ज या कारखान्याचें कसब उपयोगी पडलें. तेथें पोलादाचे पत्रे यंत्राखालीं दाबून गाड्यांचे सांगाडे घडवीत. असा सांगाडा हलका असे व ताकदीस कमी पडत नसे. मालाच्या वाघिणींना एकाच मापाचा सांगाडा ठेवल्यामुळें दुरुस्तीचें कामहि सोपें झालें.

१८९५ सालीं लंडनमध्यें बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. एंजिनें लीड्सच्याच किटसन कंपनीनें बांधलीं. कागदावर सर्व जमलें होतें. परंतु बार्शीस पोहोचलेली गाडी तेथील वळणावर अडली असती, तर ती घडविणारा कारखाना हजारों मैल मागें राहिलेला असता. म्हणून लीड्सजवळ न्यूले येथें चांचणीसाठीं खास अडीच फुटी मार्ग टाकण्यांत आला, आणि हिंदुस्थानाकडे रवाना होण्यापूर्वीं नवें एंजिन व नव्या गाड्या त्यावर चालवून रेल्वेंतील जाणकारांस दाखविण्यांत आल्या. अशा चांचणीचा उपयोग दुहेरी असतो. चूक असेल तर ती घरच्या घरीं दिसते; चूक नसेल तर शंका घेणारांचें समाधान होतें. बार्शीची आगगाडी प्रथम धांवली ती अशी यॉर्कशायरांत.

१८९७ च्या मार्चमध्यें बार्शी रोड ते बार्शी हा पहिला तुकडा रहदारीस खुला झाला. १९०६ सालीं दुसऱ्या बाजूस पंढरपूर जोडलें गेलें, आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांनीं ते लहानगे डबे भरून वाहूं लागले. पूर्वेस मार्ग निजामाच्या राज्यांत शिरला. बार्शीहून निघून रामलिंगच्या घाटांतून तो येडशीस चढला व तडवळ्यापर्यंत गेला; १९११ सालीं ढोकी, मुरूड करीत त्यानें लातूर गांठलें. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत होतें, म्हणून हा सारा टप्पा धाराशिवचाच म्हणावयास हरकत नाहीं. १९२७ सालीं पंढरपूरपासून पुढें मिरजेपर्यंत रूळ पोहोचले, आणि २१ मैलांपासून सुरू झालेला मार्ग २०२ मैलांचा झाला. त्याच वर्षीं कॅलथ्रॉप वारला.

मग या मार्गांत उणें काय होतें? पांच टनांच्या हिशेबांत कांहीं नव्हतें. उणें होतें तें मार्गाच्या कडांवर. कुर्डुवाडीस मोठा मार्ग व लहान मार्ग शेजारीं शेजारीं येत, पण एकाची वाघीण दुसऱ्यावर जाऊं शकत नसे. लातूरहून निघालेली कापसाची गांठ तेथें हमालांच्या हातून एका वाघिणींतून दुसरींत जाई. त्यांत वेळ जाई, मजुरी जाई, मालाची तूटफूट होई. मिरजेस मीटर मापाचा मार्ग. तेथेंहि तीच गत. दुसरी कड धाराशिव शहराची. जिल्ह्याचें ठाणें असलेलें हें शहर मार्गाबाहेर राहिलें. तेथील माणसास आगगाडी गांठावयाची तर सुमारें वीस किलोमीटरवरील येडशीस जावें लागे. बार्शी रोडच्या नांवांत बार्शीची जी व्यथा होती, तीच येडशीच्या वाटेवर धाराशिवची झाली. बार्शीची व्यथा ३८ वर्षांत संपली. धाराशिवची शतकभर पुरली.

पहिल्या अडचणीवर तोड नव्हती असें नाहीं. कॅलथ्रॉपनें पुढें इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली या अडीच फुटी रेल्वेचें काम पाहिलें. १९०४ सालीं सुरू झालेल्या त्या आठ मैलांच्या मार्गावर मोठ्या मापाची वाघीण चाकांसकट पाठीवर घेऊन जाणाऱ्या सखल गाड्या होत्या. माल उतरविण्याचें कारणच उरत नसे. पण तेथें निराळीच अडचण निघाली. त्या दरींत रहदारीच थोडी होती. १९३४ सालीं तो मार्ग बंद झाला, आणि त्याच्या जागीं पुढें पायवाट झाली. बार्शीच्या मार्गावर माल व माणूस दोन्ही होते, म्हणून उणीव असूनहि तो टिकला.

१९५४ सालीं सरकारनें ही रेल्वे आपल्या ताब्यांत घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तुकड्यातुकड्यानें सर्व मार्ग साडेपांच फुटी झाला. त्या वेळीं नवी आंखणी करून मार्ग धाराशिव शहराकडे वळविण्यांत आला. २००७ सालीं लातूरकडून आणि २००८ सालीं कुर्डुवाडीकडून मोठी गाडी तेथें आली. लीड्सजवळच्या त्या लहानशा मार्गावर पाहिलेला पांच टनांचा हिशेब दक्षिणेच्या उन्हापावसांत खोटा ठरला नाहीं. पण लातूरच्या गांठीस न उतरतां मुंबई गांठावयाची होती, आणि धाराशिवच्या उतारूस आपल्या गांवींच गाडींत बसावयाचें होतें. या दोन साध्या गरजांसाठीं अखेर रूळच बदलावे लागले.