आधी केमो, मग ऑपरेशन

१९६५. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबत गेले, पण त्यांचं विभाजन थांबलं. ही करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांची होती. त्यातूनच सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालं.

मग प्रश्न आला: तोंडाच्या कॅन्सरची गाठ आधी केमोने आटवून मग कापली तर? इटलीत १९५ रुग्णांवर (२००३) आणि शांघायमध्ये २५६ रुग्णांवर (२०१३) हे करून पाहिलं. ऑपरेशन शक्य असलेल्यांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. इटलीत जबड्याचं हाड कापावं लागण्याचं प्रमाण मात्र ५२ वरून ३१ टक्क्यांवर आलं.

पण गाठ कापण्यापलीकडे गेली असेल तर? तंबाखू-गुटख्याच्या आपल्या देशात असे रुग्ण खूप. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१४ साली अशा ७२१ जणांचा अभ्यास छापला. केमोनंतर त्यातल्या ४३ टक्के जणांचं ऑपरेशन शक्य झालं.

निम्म्याहून अधिकांसाठी दार बंदच राहिलं. तरी घरच्या कुणाला डॉक्टर ‘आधी केमो’ म्हणाले, तर लगेच आशा सोडू नका. ‘ऑपरेशन कशासाठी? ते शक्य होईल का?’ एवढं नक्की विचारा.