गुरूवांचून घडलेला चित्रकार : जिव्या सोमा म्हसे



ज्युबिलीच्या अंकांत आपल्या देवळाच्या पायाचा, घंटेचा व पूर्वजांच्या कष्टांचा इतिहास यावा हें स्वाभाविकच आहे. परंतु शेजाऱ्याचा इतिहास जाणणें हेंही आपलें कर्तव्य होय. भाईंदराहून उत्तरेस जाणारी आगगाडी वसई, विरार व पालघर मागें टाकून डहाणूस पोहोंचते. त्या तालुक्यांतील गंजाड गांवच्या कळंबीपाड्यांत एक वारली चित्रकार राहत असे. त्याचे जातबांधव आपल्या काशीमिऱ्याच्या डोंगरपायथ्याशींही पाडे करून राहतात. तेव्हां हा गृहस्थ आपणांस परका नव्हे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म सन १९३४ च्या सुमारास तलासरी तालुक्यांतील धामणगांवीं झाला. लहानपणींच त्यांचें मातृछत्र हरपलें. त्या आघातानें मुलाची वाचाच जणूं खुंटली आणि पुढें कित्येक दिवस तो मातींत रेघा ओढूनच आपल्या मनांतलें सांगत असे, असें त्यांच्याविषयीं सांगतात. चित्रशाळेचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. अंगणांतील धूळ हीच त्यांची पाटी झाली.

चित्रकला मात्र भोंवतालीं होतीच. वारल्यांच्या घरीं लग्न निघालें म्हणजे कुडाची भिंत शेणामातीनें वा गेरूनें सारवून तीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहावयाचा, अशी चाल आहे. बांबूच्या काडीचें टोक चावून मऊ केलें कीं झाला कुंचला! वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्याच आकृतींत सारें जग बसवावयाचें. दोन त्रिकोण टोकाशीं जोडले म्हणजे मनुष्याचें धड होतें. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी असते. हें लिहिणें सवाशिणींचें; धवलेरी गाणीं म्हणतात, आणि चौकावांचून विवाह पूर्ण होत नाहीं. पुरुषांचें हें काम मानलें जात नसे.

म्हसे यांनीं या रीतीबाहेर दोन पावलें टाकलीं. पुरुष असून त्यांनीं कुंचला हातीं घेतला, आणि लग्नाची वाट न पाहतां ते रोज चित्रें लिहूं लागले. या दुसऱ्या पावलाचें महत्त्व मोठें आहे. नित्याच्या अभ्यासानें हात सुटला, आणि चौकाच्या ठराविक मांडणीपलीकडे त्यांची दृष्टि गेली. भाताची लावणी, तारप्याच्या सुरावर वाटोळा फिरणारा नाच, वारुळांतून निघालेल्या मुंग्यांची रांग, उडणारे पक्षी या साऱ्यांस त्यांच्या पटावर जागा मिळाली. त्यांची प्रेरणा ग्रंथांत नव्हती, ती त्यांच्या शेतांत व रानांत होती. त्यांच्या चित्रांत कोणीच स्वस्थ उभें नसतें. जीवन म्हणजे अखंड हालचाल, हाच त्यांचा गाभा आहे. उत्तनच्या आमच्या कोळी बांधवांनीं त्यांचें मासेमारीच्या जाळ्याचें चित्र अवश्य पहावें. बारीक पांढऱ्या रेषांचें जाळें सबंध पटभर पसरलेलें असतें. ज्यानें स्वतः जाळें विणलें आहे, त्यालाच त्या रेषांमागील धीर खरा कळेल.

सन १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भास्कर कुळकर्णी नांवाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांतून हिंडले. बिहारांतील मिथिलेच्या स्त्रियांचीं भित्तिचित्रें कागदावर आणण्याचें काम त्यांनीं पूर्वीं केलें होतें. येथेंही त्यांनीं कागद व रंग दिले, आणि म्हसे यांचा हात त्यांनीं ओळखला. सन १९७५ मध्यें मुंबईच्या शेमोल्ड कलादालनांत म्हसे यांचीं चित्रें मांडलीं गेलीं, व सन १९७६ मध्यें त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सन १९८९ मध्यें पॅरिस येथील जगप्रसिद्ध प्रदर्शनांत व सन २००३ मध्यें जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारीं तीं झळकलीं. सन २००९ मध्यें नेदरलंड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार व सन २०११ मध्यें पद्मश्री हे सन्मान त्यांस लाभले. तरीही हा मनुष्य आपल्या पाड्यावरच राहिला. राष्ट्रीय पुरस्कारासमयीं मिळालेलें जमिनीचें आश्वासन पुरें होण्यास मात्र तीस वर्षांहून अधिक काळ लागला. दि. १५ मे २०१८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांनींही हीच वाट धरली.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. जें चित्र एका लग्नासाठीं लिहावयाचें व कालांतरानें पुसून जाऊं द्यावयाचें, तें चौकटींत बसवून विकल्यानें त्याचें पावित्र्य उणें झालें काय? आज पिशव्यांवर व पेल्यांवर वारली आकृति छापलेल्या पाहिल्या कीं ही शंका बळावते. माझें मत असें कीं, दोष भिंत सोडण्यांत नाहीं, अर्थ सोडण्यांत आहे. म्हसे यांनीं शेणाचा थर दिलेल्या कापडावर लिहिलें, पण जें जगले तेंच लिहिलें. ज्यानें तें जीवन पाहिलेंच नाहीं, तो केवळ त्रिकोण जोडतो. शिवाय म्हसे यांचें नांव जगास ठाऊक झालें, तरी ज्या सवाशिणींनीं ही कला पिढ्यान्‌पिढ्या राखली त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. रोमच्या भुयारी दफनभूमींत उत्तम मेंढपाळाचें चित्र काढणाऱ्या आद्य ख्रिस्ती हातांचीही हीच गति झाली.

बंधुभगिनींनो, होडीवर नक्षी रंगविणारा कोळी, नाताळचा गोठा उभारणारा तरुण, सणासाठीं वेदी सजविणारी आजी, यांस आपण चित्रकार म्हणत नाहीं, कारण त्यांजपाशीं कोणत्याही शाळेचा दाखला नसतो. म्हसे यांच्यापाशींही तो नव्हता. कोणी परगांवचा पाहुणा येऊन आपल्या माणसाचें मोल सांगेल, याची वाट आपण कां पहावी? या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या गांवांतील अशा हातांचीं नांवें विचारून घ्या, त्यांचें काम डोळे भरून पहा, आणि तीं नांवें धर्मग्रामाच्या वहींत लिहून ठेवा.