बीडचे ऊसतोड कामगार आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया

अंबाजोगाईला १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तरी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या आजारांचे निदान बहुतांशी गावच्या खासगी डॉक्टरकडेच होत राहिले. कारण ही कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साधारणतः दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि पाच-सहा महिने फडावरच राहतात. तेथे एका दिवसाचा खाडा पडला की जोडप्याच्या हिशेबातून दंड कापला जाई. अशा स्थितीत पाळीचा त्रास हा मजुरी बुडवणारा आजार ठरला.

अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोट दुखणे ही सामान्य तक्रार असून तिचे कारण बहुधा औषधांनी बरा होणारा जंतुसंसर्ग असतो. पाणी आणि शौचालय यांचा अभाव असलेल्या फडावर तो वारंवार होणे स्वाभाविकच होते; परंतु तपासणी आणि औषधोपचार यांचा टप्पा ओलांडून अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली व गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला गेला. याला उपचार म्हणणे कठीण आहे. सोबत बीजांडकोशही काढल्यास संप्रेरके अकाली थांबून हाडे ठिसूळ होतात, हे त्यांना क्वचितच सांगितले गेले.

२०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.